माल तपासणारी

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी टॉवेल तपासते.
दिव्यासमोर ताणून धरते, बोट फिरवते,
एक धागा तुटका निघाला तरी
खडूची खूण, माल बाजूला,
आणि शनिवारी विणणाऱ्याच्या पगारातून कपात.
मल्लेशम चिडतो. पण गुमान सही करतो.

राजेशमची गाडी बोरामणीजवळ
उभ्या कंटेनरवर गेली. पट्टा लावलेला होता.
एअरबॅग उघडली नाही.

ग्राहक आयोगात कंपनीचे वकील म्हणाले,
धडक सरळ नव्हती, कोन बसत नव्हता,
सेन्सरला आघात
पुरेसा वाटला नाही.
मग पुस्तिकेचं एकशे बारावं पान वाचलं,
बारीक अक्षरांतलं, अगदी सावकाश.

माझ्या नवऱ्याच्या बरगड्यांना पुरेसा वाटला.
हे मी बोलले नाही. पुढची तारीख पडली.

गॅरेजात तज्ज्ञांनी स्टिअरिंग उकललं
तेव्हा मी तिथंच होते.
आत घडी घातलेलं कापड.
कापडच की ओ!
मला वाटलेलं, काहीतरी यंत्र असेल.
हात लावू नका म्हणाले. मी लावला.
वीण घट्ट. शिवण सरळ. कुठं गाठ नाही.
ज्यानं विणलं त्याची काही चूक नव्हती,
कुठल्या गावचा असेल कोण जाणे.

त्याला उघड म्हणून सांगायचं ज्याचं काम होतं
त्याच्या पगारातून किती कापले?

आता सहावी तारीख.
पर्समध्ये एक खडू सापडला,
कारखान्यातून चुकून आलेला.
वकील बोलत असतात तेव्हा
तो बोटांत धरून बसते.