प्लेवेनच्या स्टँडवर

लोवेचला बस दहा मिनिटं थांबली तेव्हा
ड्रायव्हरला विचारलं, टॉयलेट?
त्यानं मान आडवी हलवली, दोनदा, ठाम.
मी मुकाट जागेवर येऊन बसले.
पुढचा पाऊण तास खिडकीबाहेर सूर्यफुलं
आणि रस्त्यावरचा एकेक खड्डा
मी ओटीपोटात मोजला.

प्लेवेनला उतरले ती जवळजवळ धावतच.
पाट्या सगळ्या त्यांच्या लिपीत.
तिकीटखिडकीतल्या बाईला नाइलाजानं
करंगळी दाखवली,
चौथीत टिपणीस बाईंना दाखवायचे तशी.
तिला वाटलं, माझी अंगठी हरवली.
बिचारी काउंटरखाली वाकून शोधायला लागली.

शेवटी वासानंच वाट दाखवली.
जिन्याखाली दोन दारं.
एकावर सहा पायांचा किडा, उताणा पडलेला,
तेच त्यांचं अक्षर.
दुसऱ्यावर ओळखीचा एम.
म महिलांचा, आणखी कुणाचा?
दार ढकललं.
भिंतीकडे तोंड करून तीन पाठी उभ्या.
त्यातल्या एका पाठीची शीळ
मधेच थांबली.

कुणीतरी दंडाला धरून मला बाहेर ओढलं.
स्तोयांका. हे नंतर, छातीवर हात ठेवून तिनंच सांगितलं.
सत्तरीची, पायात पुरुषी बूट,
टेबलावर बशी, बशीत चिल्लर,
शेजारी कागदाच्या घड्या, माणशी चार.
दर पन्नास स्तोतिंकी.
माझ्याकडे पन्नास लेवांची अख्खी नोट.
तिनं नोटेकडे पाहिलं,
माझ्या एकमेकांना चिकटलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं,
आणि घड्या हातात कोंबून
मला किड्याच्या दारातून आत लोटलं.
घड्या सहा होत्या.

आत चिनीमातीत दोन पावलांचे ठसे.
इतक्या लांब येऊन ओळखीचं बसणं!
पाणी माझं मी बाळगते,
प्यायची बाटली वेगळी, ही वेगळी.
दाराला कडी नव्हती.
फटीखालून तिचे बूट दिसत होते,
राखण करत, टाचा माझ्याकडे.

बाहेर आले तर तिनं काहीतरी विचारलं,
लांबलचक, शेवटाला सूर वर नेत.
मुलंबाळं आहेत का?
परतताना येशील का याच वाटेनं?
की नुसतंच, बरं वाटलं ना आता?
परक्या गावात आपण करतो तेच मी केलं.
हसून मान डोलावली, खाली-वर, खाली-वर.
तिचा चेहरा जरासा उतरला.
तिनं माझ्या गालावर थोपटलं
आणि फडकं उचललं.

रुसेच्या बसमध्ये शेजारी कालोयान,
दातांच्या डॉक्टरीला शिकणारा.
त्याला पाणी हवं का विचारलं,
त्यानं मान आडवी हलवली
आणि बाटली घेतली.
मग हसत हसत उलगडून सांगितलं,
आमच्याकडे आडवी म्हणजे हो.
उभी म्हणजे नाही.

म्हणजे लोवेचला टॉयलेट होतं.
आणि स्तोयांकाला मी
कशाला तरी, इतकी हसून,
चार-चारदा नाही म्हणाले.

बस गावाबाहेर पडली होती.
ती नोट अजून मोडलेली नाही.