पन्नास पास्कल

कीथली. नोव्हेंबर. सकाळचे नऊ,
पण उजेड अजून अंथरुणातच.
काळवंडलेल्या दगडी घरांची लांब ओळ,
एकतीस नंबरच्या दारात मी लाल कापड ताणते,
त्यात पंखा बसवते,
आणि एनिड हॉल्स्टेड, वय एक्याऐंशी, विचारते,
'घर उडणार तर नाही ना?'

नाही. नुसतं खरं बोलेल.

पंखा आतली हवा बाहेर ओढू लागतो.
पन्नास पास्कल, म्हणजे फार नाही,
चारी बाजूंनी एकदम वारा सुटावा
इतपत रेटा.
पडदे आत झुकतात. माळ्याचं झाकण
टकटक करतं, कुणी वर अडकल्यासारखं.

भिंतींना कान असतात म्हणतात.
इथे नाकंही निघतात:
स्विचमागे, मीटरच्या कपाटात,
बेसिनखालच्या पाइपाभोवती.
मी धूरकांडी धरते, धूर
सरळ चढता चढता दचकतो
आणि खोलीत पळतो.

तासाला चौदा वेळा, मी आकडा वाचते,
या रेट्याखाली तुमचं घर सगळी हवा बदलतं.
'मग मी तापवते कुणासाठी?'
रस्त्यासाठी, मी म्हणते.
'मग बिल रस्त्याने भरावं,'
आणि ती चहा टाकायला जाते.

फळ्या उचलल्या त्या दिवशी
सुतार ओवेन थ्वेटने हाक मारली.
तुळई जिथे भिंतीत शिरते
त्या प्रत्येक फटीत लोकरीचा बोळा.
हाताने पिळलेला, सुरीच्या टोकाने दाबलेला,
अंगठ्याएवढा. एकूण बावीस.
गिरणीतला कचरा, तेलकट, उग्र, वास अजून जिवंत.

तो वास मला ठाऊक आहे.
इचलकरंजीत माझे वडील जॉबर होते,
खिशात कायम वेस्टचा गोळा,
आई सदरा धुताना शिव्या देई.
इथे ती लोकर, तिथे ते सूत,
तेल मात्र एकाच घरचं वाटलं.

एनिडला काही माहीत नाही,
ती इथे अडुसष्टला आली.
कोण होती ती? (बाईच असणार, मी ठरवून टाकते,
पुरावा नाही.)
पाळी संपवून आली असेल,
ॲप्रनमध्ये चोरून आणलेली मूठ,
रोज एक फट.
आमच्या मॅन्युअलमध्ये पान एकशे बारावर
लाल बाणाने दाखवलेली जी जागा
तीच, बरोब्बर तीच.
तिने बाण पाहिला नव्हता. गुडघे गारठले होते.

बोळे काढावे लागले. ओल धरली होती.
तिथे आता टेप, लाकूडतंतूचे बोर्ड,
वर चुन्याचा गिलावा,
दगडाला सुकता यावं म्हणून.
फॉर्मवर रकाना होता: पूर्वीचं इन्सुलेशन.
आहे, नाही, माहीत नाही.
मी तिन्ही चौकोन मोकळे ठेवले आणि कडेला लिहिलं:
बावीस ठिकाणी, हाताने.
ऑफिसातून फोन आला. चौकोन भरा म्हणाले.

मार्चमध्ये पुन्हा पंखा लावला. चार पूर्णांक दोन.
अंगणात हीट पंप पुटपुटत होता.
एनिड खूश नव्हती.
'शेजारच्या रझियाचा रेडिओ ऐकू येत नाही,
सकाळची गाडी ऐकू येत नाही.
घर श्वास घेत नाही आता.'
घेतं की, मी म्हटलं, त्या वरच्या जाळीतून. मोजून.
'मोजून श्वास दवाखान्यात घेतात.'

यावर पान एकशे बारात काही नाही.

मी सामान आवरत होते. ती जिन्याखाली उभी,
मी पाहत नाहीये असं समजून
बाहेरच्या भिंतीला उलटा हात लावत होती,
पोराचा ताप बघावा तसा.
इथे लावला. तिथे लावला.
मग स्वयंपाकघरात गेली
आणि खिडकी बोटभर उघडून ठेवली.
मी पाहिलं. लिहिलं नाही.