बियांच्या पाकिटांवर

पेन्झन्सच्या उतारावर हेडली ट्रेगेन्झाचं
बियाण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक कमी, वारा फार.
पाकीट रिकामं झालं तरी हा ते फेकत नसे.
उलटं करून जांभळ्या पेन्सिलीनं एक शब्द लिहायचा,
खाली अर्थ. मेलेले शब्द, किंवा
प्रयोगशाळेच्या उंबऱ्याबाहेर कधी न पडलेले.

गाजराच्या पाठीवर बोर्बोरिग्मस: पोटातली गुरगुर.
पालकाच्या पाठीवर ग्रोक: दुसऱ्याच्या घासाकडे
आशाळभूत बघत बसणं.
बिटाच्या पाठीवर लेथोलॉजिका:
ओठांवर आलेला शब्द ऐन वेळी न सापडणं.
लव्हडे म्हणायची, यानं पोट भरतं का?
आणि खोकी माळ्यावर सरकवायची.

मग एका मंगळवारी, मापात वाटाणे ओतताना
त्याचं तोंड वाकडं झालं.
वाटाणे घरंगळत पार रस्त्यापर्यंत गेले.

इस्पितळातून परतला तो माणूस तोच,
पण पाव गेला होता, चमचा, दार, मोजे,
लव्हडे हे नावसुद्धा.
राहिले ते फक्त पाकिटांवरचे.
असं सहसा होत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या,
आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

सकाळी उठून तो म्हणे: जेंटॅक्युलर.
तिला वाटे, शिवी देतोय.
तीन दिवस ती गप्प ऐकून घेत राहिली.
चौथ्या दिवशी माळ्यावर चढली,
खोकी उतरवली, चष्मा पुसला.
कोबी, सलगम, घेवडा, कांदा... सापडला.
न्याहारीचं, न्याहारीच्या वेळचं.
अंडं उकळत ठेवलं तिनं. फुटलं ते.

सत्तराव्या वर्षी बाई नवऱ्याची भाषा शिकायला बसली.
कुत्रा ताटाशी आला की दोघं एकदम: ग्रोक!
फेब्रुवारीत खिडकीशी उन्हाचा तुकडा पडला की
तो खुर्ची ओढायचा, म्हणायचा ॲप्रिसिटी,
आणि ती त्याच्या गुडघ्यांवरची शाल काढून घ्यायची.
पहाटे चारला, डोळे छताला लावून: उख्तचेआरे.
हजार वर्षांपूर्वीचा शब्द.
उजाडण्याआधी जाग येऊन काळजी करत पडून राहणं.
त्यावर उतारा कुठल्याच पाकिटावर नव्हता.
ती नुसती कूस बदलून त्याच्याकडे तोंड करायची.

मुलगी फोनवर विचारायची, कधी येऊ?
ओव्हरमॉरो! तो मागून ओरडायचा.
म्हणजे परवा. इंग्रजीनं हा शब्द केव्हाच टाकून दिला,
आता उद्याला वळसा घालून त्या दिवसाकडे जावं लागतं.
आपल्याकडे परवा अजून पिशवी घेऊन बाजारात जातो,
मागचाही तोच, पुढचाही तोच, कुणी गोंधळत नाही.
लव्हडेला हे ठाऊक असायचं कारण नाही.
तिनं एवढंच पाहिलं, की त्या दिवशी मुलगी येते.

एक शब्द मात्र तिला लागला नाही.
रोज दिवा लावताना तिच्याकडे बघून
तो तेवढाच म्हणायचा.
पाकीट मिळालं, मुळ्याचं. शब्द शाबूत,
अर्थावर ओल चढून नुसता जांभळा डाग.
ट्रूरोच्या वाचनालयात, जाडजूड कोशांत, कुठेच नाही.
तिथला पोरगा म्हणाला, त्यांनीच बनवला असेल.
ती उत्तर द्यायची: हो. कधी: तूही.
एकदा, वैतागून: आता पुरे.
तिन्ही त्याला चालायची.

ऑक्टोबरात तो गेला.
आवराआवर करताना ते पाकीट खुळखुळलं.
रिकामं नव्हतंच ते. स्वतःचा नियम मोडून
भरल्या पाकिटावर लिहिलं होतं हेडलीनं.
मार्चमध्ये मागच्या दारी तिनं ओळ धरून पेरलं.

मुळे आले. साधे, लाल, जरा तिखट.
कुत्रा समोर ग्रोक करत बसला होता.
एक त्याला दिला, त्यानं हुंगून सोडला.
उरलेले तिनं पायरीवर बसून मिठाशी खाल्ले.