सत्त्याऐंशी भोकं

टाउन्सव्हिलच्या शेडमध्ये ऑल्विन
बिअरचा कॅन कात्रीनं उलगडतो,
बोथट सुईनं मागून टोचत जातो :
एका पट्टीला सत्त्याऐंशी भोकं.
एक फाटलं की अख्खी पट्टी कचऱ्यात,
वर एक शिवी.

बाप मिल्न बेच्या धावपट्टीवर होता.
त्याबद्दल बोलला एकदाच :
विमान उतरलं की भोकाभोकातून
चिखल उसळायचा, थेट आमच्या चहात.

तिथल्या डोरिकानं परवा फोटो धाडला :
तसलीच पोलादी पट्टी, गंजून तांबडी,
डुकरांभोवती कुंपण झालेली,
भोकांतून घेवड्याचा वेल.

एकेचाळीस पट्ट्या चिकटल्या, आडव्या, चिखलरंगी.
बेचाळिसावी चिमट्यात धरून
तो नुसता बसलाय.

मग बायकोच्या शिवणपेटीतून
हिरवा दोरा आणतो
आणि पट्टी उभी रोवतो.