पडदे

कोशित्सेहून तीन गाड्या भरून आले आमच्या रोमा वस्तीत.
दिग्दर्शक भला माणूस,
आमच्यावरच्या अन्यायाचाच सिनेमा काढणारा.
आईने आदल्या दिवशी खिडकीचे पडदे
निळीत घालून वाळवले होते.
तो म्हणाला, सुंदर आहेत. पण काढा.

मग वॉशिंग मशीनवर फाटकं घोंगडं पडलं.
गेझाकाका रेल्वेत फिटर, सकाळीच घोटून दाढी केलेला,
त्याच्या गालांना कोळसा.
माझे बूट एका मुलीने हळूच काढले.
चिखल बादलीत कालवून आणला होता,
कोमट,
मला थंडी बाधू नये म्हणून.

पैसे वेळेवर दिले. खोटं का बोला.

सिनेमाला बक्षीस मिळालं, आम्हाला पास.
अंधारात लोक मुसमुसत होते
माझ्या अनवाणी पायांसाठी.
शेजारच्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.
दिवे लागले. बाईंनी मला पाहिलं
आणि पर्स
या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

आई शेवटचं नाव सरकेपर्यंत बसून.
परतीच्या बसमध्ये कितीतरी वेळाने म्हणाली,
खिडकी उघडीबोडकी दिसत होती गं, झानेता.
लोक म्हणतील,
साधा पडदा जमला नाही इरेनाला.