कूलरखालचा डबा

डबा रंगाचा, वीस लिटरचा,
घर रंगवून गेलेल्या पोरांनी मागे टाकलेला.
खिळा तापवून मी त्याच्या बुडाला भोकं पाडली,
मोजून बत्तीस.
कोकिळा म्हणाली, एवढी वर्षं बॉयलर सांभाळलात,
आता चाळणी करा.

खाली नारळाच्या शेंड्या,
वर केळीची सुकी पानं, हातानं फाडलेली,
पेपरच्या पट्ट्या (निधनवार्ता, सोन्याचे भाव, सगळं एकत्र ओलं)
आणि शेण. ताजं नाही.
ताजं शेण आतून पेटतं, असं
फैजपूरच्या नर्सरीतल्या तायडेंच्या पोरीनं बजावलं होतं.
तिनंच अर्धा किलो गांडुळं दिली
श्रीखंडाच्या डब्यात, झाकणाला टोचे मारून.
एसटीत तो मांडीवर धरून बसलो.
शेजारच्यानं विचारलं, गोड काय?
म्हटलं, हो.

पहिल्याच रात्री ती भिंत चढून बाहेर.
सकाळी मोरीच्या फरशीवर
उसवलेल्या शिवणीसारखी पसरलेली.
कोकिळेनं चहा खुर्चीवर पाय घेऊन प्यायला.
चूक माझी होती:
पिळलेल्या फडक्याइतकी ओल हवी,
मी फडकं पिळायचंच विसरलो होतो.

मग शिकत गेलो.
लिंबाची साल नको. कांदा नको.
शेवभाजीचा उरलेला रस्सा तर नकोच,
तो तवंग आपल्याला पचतो, त्यांना नाही.
भरताच्या वांग्याची जळकी साल चालेल का,
यावर घरात दोन दिवस वाद.
शेवटी टाकली थोडी, कोपऱ्यात.
पंधरवड्यानं पाहिलं,
देठ तेवढा उरलेला, ताठ.

दीपनगरला तीस वर्षं मी राख पाहिली.
आत कोळसा, बाहेर राख,
दोरीवरच्या कपड्यांवर, पापण्यांवर, आंब्याच्या पानांवर.
जे जे पेटवलं त्याचं तेच झालं.
इथे आग नाही, आवाज नाही,
झाकणाला कान लावला तर
पाण्यात साखर विरघळावी तेवढी कुजबुज.

मे महिन्यात भुसावळचा पारा सत्तेचाळीसवर.
डबा कूलरखाली, ठिबकणाऱ्या नळीजवळ,
अंगावर ओलं गोणपाट.
त्यातच चोपड्याला लग्न निघालं, तीन दिवसांचं.
परतलो तर कॉलनीची लाइट कालपासून गेलेली,
कूलर मुका,
गोणपाट पापडासारखं कडक.
मोबाइलच्या उजेडात वरचा थर उकरला.
काही नाही. आणखी खाली. काही नाही.
अगदी बुडाशी, केळीच्या खांबाचा एक तुकडा होता,
विसरून राहिलेला, अजून ओलसर,
आणि त्याला बिलगून
सगळ्यांची मिळून एक गाठ.

मागून आवाज आला, जित्ती हायेत ना?
कोकिळा उभी होती, हातात माठातला गडू.
बोटं बुडवून तिनं शिंपडलं,
पुन्हा बुडवली, पुन्हा शिंपडलं.
गाठ जराशी सैल झाली.
त्या रात्री आम्ही दोघं मोरीच्या उंबऱ्यावर बसलो,
फारसं न बोलता, पुठ्ठ्यानं वारा घालत,
आधी डब्याला, मग एकमेकांना.

दिवाळीच्या आधी पहिलं खत निघालं.
उजेडात ढीग केला की ती आपोआप खाली सरकतात,
वरचं काळं हळूच ओरपायचं.
मूठभर भारंबेंच्या कढीपत्त्याला दिलं.
चाळताना चाळणीत खडखडलं काहीतरी.
माझा ड्युटीचा सुती सदरा
मी मार्चमध्ये चिंध्या करून आत घातला होता,
कितीही धुतला तरी राखाडीच राहिलेला.
सदरा नव्हता.
नायलॉनच्या दोऱ्याची शिवण होती, हवेत सदऱ्याचा आकार धरू पाहणारी,
आणि पाच बटणं.

सहावं कुठं गेलं, कोकिळेनं विचारलं,
आणि पाचही धुऊन
सुईदोऱ्याच्या डबीत टाकली.