आकारणी

दर महिन्याच्या पाच तारखेला
निकेश कोहळे पावतीबुक घेऊन येतो.
चपला पायरीखाली काढतो.
अरे, राहू दे पायात, मी म्हणतो.
"नाही जी, तलाठी साहेबाच्या घरात तसं कसं."

देखभाल चार हजार दोनशे.
त्यात पहारेकरी आला, बाग आली,
आणि ज्या तलावात अजून पाणीच सोडलेलं नाही
त्याची साफसफाईही आली.
दर एप्रिलात दहा टक्के वाढ.

माहितीपत्रकात होतं :
एकदाच भरा, निवांत राहा.
'एकदाच'च्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती.
ती पानाच्या तळाशी कुठे उतरते
ते मी वाचलं नाही,
छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सातबारावरचे शेरे वाचणाऱ्यानं.
चष्मा हिच्या पिशवीत होता,
आणि ही ओट्याची उंची हातानं मोजत होती,
वाकावं लागणार नाही म्हणून
एकटीच हसत होती.

यंदा बोअर आटला.
नऊशे फुटांवर नुसता भुरका.
वरुडकडच्या मातीला हे नवं नाही,
आमच्या सभेला नवं होतं.
विशेष वर्गणी, घरटी अठरा हजार पाचशे.
बोबडे कंडक्टर उठले,
"आम्ही दोघं, दोघांत दोन बादल्या.
यांच्याकडे उन्हाळाभर नातवंडं.
तिकीट माणशी फाडा न, घरटी काहून?"
कुणीतरी हसलं. कुणीतरी लिफ्टचं काढलं.
वासेकर नर्सबाईंनी हळूच विचारलं,
चौदा नंबरचं कोण भरणार?

चौदा नंबरचे मेंढे दिवाळीआधी गेले.
बिल अजून त्यांच्याच नावानं निघतं,
दाराखालून आत सरकवतात.
आत आता चांगला गठ्ठा झाला असेल.
माणूस गेला म्हणून सारा थांबत नाही,
हे मीच किती जणांना सांगितलंय,
खुर्चीतून न उठता :
आधी वारसाचं नाव लावा, मग बघू.

पीक बुडालं तर गावाची पैसेवारी निघायची,
पन्नासच्या आत आली की सवलत.
आमची कोण काढतो?
माझे गुडघे तीस पैसे.
हिची झोप वीस.
डोळे, मोतीबिंदू काढल्यावर, बरे आहेत,
पण बरे डोळे बिलच वाचतात.

ही सगळी वसाहत म्हणजे गट नंबर दोनशे बारा.
तुळशीराम कोहळेचा. निकेशचा आजा.
पेरेपत्रकात मीच लिहायचो :
संत्रा, झाडं दोनशे वीस, विहीर एक, पड निरंक.
आता तीन झाडं उरलीत, क्लबहाऊसमागं,
त्यांचं पाणी 'बागकाम' या रकान्यात.
तेव्हा आकारणी सहा रुपये चाळीस पैसे.
तुळशीराम दहाची नोट द्यायचा.
माझ्याकडे सुटे नसायचे,
म्हणजे असायचे कधीकधी.
"ठेवा साहेब, पुढच्या सालात लावजा."

सहा सालं होतो मी त्या सज्जात.
लावले का कधी?
कालच्या रात्री ही घोरत होती
आणि मी बोटांवर हिशेब करत होतो,
अठरा हजारांचा सोडून
साडेतीनचा.
तीन रुपये साठ पैसे, गुणिले सहा.

आज पाच तारीख.
देखभालीच्या नोटांवर मी बावीस रुपये वेगळे ठेवले.
"हे कायचे जी?"
मागील बाकी, म्हटलं, तुझ्या आजाची.
त्यानं पावतीबुक उलटंपालटं केलं,
तसा रकाना नव्हता.
मग नाणी तळहातावर मोजली.
एकवीस साठ होतात, मी म्हटलं.
"मंग चाळीस पैसे वापस द्याव लागन,"
खिसे चाचपत तो म्हणाला,
"सुटे नाहीत जी.
पुढच्या महिन्यात लावू?"